तंबाखूची खानेसुमारी

तेर गावच्या गोरोबाकाकांनी आपल्या आव्यात गाडगी भाजली असतील, मडकी भाजली असतील, रांजण आणि पणत्याही भाजल्या असतील. परंतु तंबाखूची चिलीम मात्र त्यांच्या हातून कधी घडली नाही, कारण जिच्यासाठी ती घडवायची ती वनस्पती त्यांच्या काळी, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकांच्या संधीवर, या देशात उतरलेलीच नव्हती. तेर हे तर त्याहून कितीतरी जुने नगर. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरी मार्गवर्णनाचा कर्ता ज्याला तगर म्हणतो आणि जिथले जाडेभरडे कापड व तलम मलमल भडोचच्या बंदरातून पश्चिमेकडे जात असे असे सांगतो, ते हेच तेर, आणि त्या व्यापाराच्या मोबदल्यात रोमन जगातून जे काही या मुलखात आले त्यात मद्याचे कुंभ होते, दिवे होते, नाणी होती, धूम्रपानाचे साधन एकही नव्हते. वैद्यकात धूमपान होते, नाही असे नाही. चरकाने त्याचा विधी, वेळ आणि नळीची लांबीसुद्धा सांगून ठेवली आहे. परंतु ती वर्ती औषधींची, आणि ती ओढावयाची ती कफ-वाताच्या शमनासाठी. चावडीवर बसून, कामाच्या दोन वेळांमधील पोकळी भरून काढण्यासाठी ओढावयाचा धूर हा आजच्या धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्याच्या इतिहासात फार अलीकडचा, जेमतेम चारशे वर्षांचा पाहुणा आहे.

हा पाहुणा कोणत्या दाराने आत आला याची साक्ष सुदैवाने उपलब्ध आहे. अकबराच्या पदरी असलेला असद बेग नावाचा इराणी सरदार, शाहजादा दानियाल याच्यासाठी ठरलेली विजापूरची वधू आणण्याच्या कामगिरीवर दख्खनेत आला होता. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या त्या विलासी राजधानीत त्याने तंबाखू पाहिली, आणि हिंदुस्थानात अन्यत्र कोठेही आपण ती पूर्वी पाहिली नव्हती असे तो स्वतःच लिहून ठेवतो. 1604 च्या सुमारास तो आग्र्याला परतला तेव्हा इतर नजराण्यांबरोबर रत्नजडित दांड्याची एक सुंदर नळी, सोन्याचे अग्निपात्र आणि तंबाखूचा साठा त्याने बादशहापुढे तबकात मांडला. बादशहाने कुतूहलाने दोन-तीन झुरके घेतले. दरबारी हकिमाने लागलीच हरकत घेतली की, ज्या द्रव्याविषयी आमच्या ग्रंथांत एक अक्षर लिहिलेले नाही ते हुजुरांनी सेवन करू नये. त्यावर असद बेगाने प्रतिवाद केला की, फिरंगी लोक काही इतके मूर्ख नव्हेत, त्यांच्यातही शहाणे आहेत, आणि प्रत्येक चाल कधीतरी नवीनच असते. आणि बादशहानेही, आपल्या ग्रंथांत नाही एवढ्याच कारणावरून एखादी वस्तू टाकून द्यावयाची तर जगाची प्रगती व्हावयाची कशी, अशा आशयाचा निर्वाळा दिला. दरबाराने वादात असद बेगाला जिंकू दिले. पण स्वतः बादशहाने पुन्हा नळी तोंडाला लावली नाही. सरदारांनी मात्र लावली, व्यापाऱ्यांनी माल आणला, आणि पुढची कथा सर्वश्रुत आहे. हकिमाची बाजू त्या दिवशी हरली ती पुराव्याअभावी हरली, हे मला या प्रसंगातील सर्वांत लक्षणीय वाटते. त्याचा संशय खरा होता, पण तो सिद्ध करण्यासाठी जी मोजदाद लागते ती करण्याची रीतच तोवर जन्माला आली नव्हती. त्याच 1604 साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने तंबाखूविरुद्ध एक तिखट पत्रक छापले, आणि 1617 मध्ये जहांगिराने आपल्या राज्यात तिच्यावर बंदी घातली. त्या पत्रकाचा आणि त्या बंदीचा उपयोग किती झाला हे सांगण्याची गरज नाही.

आता विजापूरच्या दरबारात जे होते ते नळदुर्गात नव्हते असे मानणे कठीण आहे. बोरी नदीला बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधविणारा तोच हा इब्राहिम आदिलशहा. नळदुर्ग हे त्याच्या राज्याचे ईशान्येकडील महत्त्वाचे ठाणे होते, आणि विजापुराहून निघालेली फौज, कारकून, गवई व शौक यांना तेथवर पोहोचावयास फार दिवस लागत नसत. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला परंड्याचा किल्ला. 1600 मध्ये अहमदनगर पडल्यावर निजामशाहीचे उरलेसुरले तख्त काही वर्षे तेथेच मांडले गेले होते आणि मलिक अंबर त्याचा आधारस्तंभ होता. ज्या वर्षांत तंबाखू दख्खनेत रुजत होती त्याच वर्षांत या एका चिमुकल्या टापूत दोन सुलतानी सत्तांच्या छावण्या समोरासमोर पडल्या होत्या. आणि शिपाई हा व्यसनांचा सर्वांत जलद वाहक असतो. गोमंतकाच्या किनाऱ्यावर फिरंग्यांनी उतरविलेले पान अशा रीतीने बालाघाटाच्या माथ्यावर चढले असावे. पुढे मोगलाई आली, मग आसफजाही आली, मराठ्यांच्या चौथाईच्या स्वाऱ्या येऊन गेल्या; अंमल बदलला, चिलीम बदलली नाही.

1853 मध्ये निजामाने कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाडाबरोबर धाराशिवचा मुलूखही कंपनी सरकारच्या स्वाधीन केला, आणि तो 1860 मध्ये परत मिळेपर्यंतच्या काळातील आरंभीची काही वर्षे कर्नल फिलिप मेडोज टेलर हा गृहस्थ नळदुर्गास अंमलदार म्हणून राहिला. ठगांवरील कादंबरीमुळे त्याचे नाव त्यापूर्वीच विलायतेत गाजले होते. त्याने रस्ते केले, तलाव दुरुस्त केले, महसुलाची घडी बसविली, आणि हा मुलूख कागदावर आणण्याचे काम आरंभिले. शेत किती, बिघे किती, कुळे किती, जमा किती, हे दफ्तरात चढू लागले; माणूस कशाने मेला हा रकाना मात्र त्या दफ्तरात नव्हता, आणि पुढे तो आला तेव्हाही कितीतरी दशके ‘ज्वर’, ‘पटकी’, ‘देवी’ आणि ‘इतर’ एवढ्या चारच शब्दांत भागत राहिला. तंबाखूने जे नेले ते सारे त्या ‘इतर’मध्ये गडप झाले.

या प्रथेचे खरे स्वरूप समजावयाचे तर तिच्याकडे व्यसन म्हणून पाहण्याआधी शिष्टाचार म्हणून पाहावे लागते. मराठवाड्याच्या खेड्यात घरी आलेल्याला पाणी द्यावयाचे आणि त्यामागोमाग चंची पुढे करावयाची, हा रिवाज. त्या कापडी चंचीचे कप्पे ठरलेले: एकात पान, एकात सुपारी, एकात कात, एकात तंबाखू, आणि दोरीला लटकणारी चुन्याची डबी. तळहातावर चिमूटभर तंबाखू घ्यावी, नखाने चुना लावावा, अंगठ्याने मळावी, दोन थापट्या मारून धूळ उडवावी आणि उरलेला बार गालात किंवा ओठाखाली धरावा. ही क्रिया इतकी सार्वत्रिक की, भांडणातल्या समेटापासून सोयरिकीच्या बोलण्यापर्यंत कोणतेही कार्य तिच्याविना सुरू होत नसे. चिलीम ही त्या मानाने बैठकीची वस्तू. तिला विस्तव पाहिजे, तळाशी खडा पाहिजे, तोंडाशी ओली छापी पाहिजे, आणि मुख्य म्हणजे सोबत पाहिजे. ती हातोहात फिरे. परंतु कोणाच्या हातून कोणाच्या हाती फिरे यालाही मर्यादा होती. जातीबाहेर टाकलेल्याचा हुक्का-पाणी बंद करण्याची शिक्षा ज्या समाजात होती त्या समाजात धुराचाही एक भूगोल होता, आणि ज्यांना चावडीच्या पायरीवरही बसू दिले जात नव्हते त्यांची चिलीम वेगळी, त्यांचा विस्तवही वेगळा होता. शिष्टाचाराचे गोडवे गाताना हे विसरून चालणार नाही.

स्त्रियांनी चिलीम ओढणे अप्रतिष्ठेचे. म्हणून त्यांच्या वाट्याला मशेरी आली. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजावयाची, कुटून तिची पूड करावयाची आणि पहाटे उठल्यावर दातांना लावावयाची. दाताची दुखणी थांबतात या समजुतीने सुरू झालेली ही मशेरी दिवसातून दोनदा, तीनदा, चारदा लागू लागे, आणि गर्भारपणातही सुटत नसे. तरी तिला कोणी व्यसन म्हणत नसे, कारण दात घासणे हे व्यसन कसे असेल? वृद्धांच्या नाकात तपकीर होती, शहरी मंडळींच्या हाती पुढे हैदराबादची चारमिनार सिगारेट आली. परंतु धाराशिवच्या रयतेने तंबाखू मुख्यत्वे चघळली. ओढली ती त्या खालोखाल. आणि द्रव्य एकच असले तरी ते शरीराच्या कोणत्या दाराने आत जाते आणि कोठे किती वेळ थांबते यावर पुढचा सारा निकाल अवलंबून असतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या टापूतून एक सरहद्द जात होती. बार्शी तालुका इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात. आणि त्याला जवळजवळ वेढून बसलेले परंडा, भूम, कळंब, धाराशिव हे निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. 1897 मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप याची बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीहून बार्शीस आली आणि 1911 पर्यंत निजामाच्या मुलखातून लातुरास पोहोचली. बार्शी ही पेठ झाली. गळिताची धान्ये, कापूस, डाळी तिकडे जाऊ लागल्या, आणि परतीच्या वाटेने निपाणीची तंबाखू व गठ्ठ्यांनी बांधलेल्या विड्या खेड्यांत येऊ लागल्या. सरहद्द ओलांडताना मालावर करोडगिरी भरावी लागे, आणि जेथे करोडगिरी असते तेथे ती चुकविण्याच्या पाऊलवाटाही असतात. शेजारच्या सोलापुरात गिरण्यांच्या सावलीत विडीचा धंदा वाढला. टेंभुर्णीचे पान विदर्भातून, तंबाखू दक्षिणेतून, आणि वळणारे हात प्रामुख्याने तेलुगू पद्मशाली समाजातील स्त्रियांचे. हजाराच्या हिशेबाने मजुरी, आणि वाईट ठरलेल्या विड्यांची कापणी वेगळी. या कामगार स्त्रियांच्या चळवळीतूनच पुढे सोलापूरजवळ कुंभारीला दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. धुराच्या इतिहासात ओढणाऱ्याचे नाव येते, वळणारीचे सहसा येत नाही, म्हणून हा उल्लेख.

1948 च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान विलीन झाले आणि सरहद्द पुसली गेली. योगायोग असा की, नेमक्या त्याच काळात मुंबईत दोन संशोधक अशा एका प्रश्नाला हात घालीत होते की जो असद बेगाच्या वेळच्या हकिमाला सुचला तरी सोडविता आला नसता. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे टाटा स्मारक रुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ. 1944 मध्ये त्यांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. 1952 मध्ये परळला उभ्या राहिलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. त्यांचे सहकारी डॉ. एल. डी. संघवी हे मानवी आनुवंशिकीचे अभ्यासक. या दोघांनी 1949 च्या सुमारास मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजांचे रक्तगट व इतर आनुवंशिक लक्षणे तपासून, एकाच शहरात शेजारीशेजारी राहणारे परंतु बेटीव्यवहार नसलेले लोक रक्ताच्या हिशेबाने किती वेगळे आहेत हे मोजले. जातिव्यवस्थेचे समर्थन त्यात शोधणाऱ्यांच्या हाती काही लागणार नाही. शोध होता तो असा की, रोग वेगवेगळ्या समाजांत वेगवेगळ्या प्रमाणात दिसतो तो रक्तामुळे की रिवाजामुळे? 1953 मध्ये लंडनला एर्ड, बेंटॉल व रॉबर्ट्स यांनी दाखविले की, ‘अ’ रक्तगटाच्या लोकांत जठराचा कर्करोग इतरांपेक्षा काहीसा अधिक आढळतो. जठराच्या कर्करोगाशी वंशपरंपरेने आलेल्या एखाद्या सामान्य भेदाचा संबंध दाखविणारा हा पहिला भक्कम पुरावा. आणि 1955 मध्ये संघवी, राव व खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगाशी असलेला संबंध मांडला. त्यात चघळणाऱ्यांचा रोग मुखाकडे आणि ओढणाऱ्यांचा घशाकडे झुकतो, असा कल दिसून आला. ज्या प्रयोगशाळेत रक्तगट मोजले गेले त्याच प्रयोगशाळेने तंबाखूचा हिशेब मांडला, आणि दोन्ही हिशेब समोर ठेवून पारडे रिवाजाकडे झुकविले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

परंतु ही सारी मुंबईची कथा झाली. मुंबईत 1963 मध्ये डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या प्रेरणेने कर्करोगाची नोंदवही सुरू झाली, ती देशातील पहिली. खेड्याचे काय? खेड्यातला माणूस दवाखान्यात येत नाही, आला तरी शेवटी येतो, आणि मेला तर कशाने मेला हे कोणी लिहून ठेवीत नाही. मग मोजावयाचे कसे? हा प्रश्न सुटला तो बार्शीला, नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात. डॉ. बी. एम. नेने आणि साथरोगशास्त्रज्ञ डॉ. कस्तुरी जयंत यांनी 1987 मध्ये राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रमाच्या अंतर्गत जी ग्रामीण नोंदवही उघडली, तिचे क्षेत्र बार्शी, परंडा व भूम असे तीन तालुके: साडेतीनशेच्या आसपास गावे, चार-पाच लाखांची वस्ती. तीनपैकी एक तालुका जुन्या मुंबई इलाख्यातला, दोन हैदराबादच्या निजामाच्या जुन्या राज्यातले! जी सरहद्द करोडगिरीच्या नाक्यांनी आखली होती ती या दफ्तराने प्रथमच खऱ्या अर्थाने विसरून दाखविली. रुग्ण आपल्याकडे येत नसेल तर आपण गावी जावे, हे त्यांचे सूत्र. नोंदणी कार्यकर्ते ठराविक काळाने गावोगाव फिरत, जाणत्या मंडळींस भेटत, न भरणारी जखम, गिळताना होणारा अडथळा, अवेळी होणारा रक्तस्राव अशी लक्षणे समजावून सांगत, संशयित आढळल्यास त्याला रुग्णालयापर्यंत आणत, आणि मयतांची चौकशी करून वहीत उतरवीत. खानेसुमारीचा कारकून घरे मोजून निघून जातो. हा कारकून मोजता मोजता उपचाराचीही वाट दाखवीत होता, आणि त्यामुळे लोक त्याच्याशी बोलले.

त्या वहीतून जे निघाले ते अनपेक्षित होते. या खेड्यांतील कर्करोगाचे एकूण प्रमाण, वयाची तफावत काढून टाकल्यावरही, मुंबईच्या निम्म्याहून कमी. पुरुषांत मुख, घसा आणि अन्ननलिका पुढे. स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत पुढे. जठराच्या कर्करोगाची नोंद मात्र तुरळक. नोंदणीचे क्षेत्र पुढे वाढून उस्मानाबाद आणि बीड हे दोन्ही जिल्हे तीत आले, आणि 2020 मध्ये 2012 ते 2016 या वर्षांचा राष्ट्रीय अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा पुरुषांच्या तक्त्याची दोन टोके अशी होती: सर्वांत वर मिझोरममधील ऐझॉल जिल्हा, दर लाखास 269.4, आणि सर्वांत खाली उस्मानाबाद-बीड, दर लाखास 39.5. स्त्रियांच्याही तक्त्यात तळाशी उस्मानाबाद-बीडच, 49.4. काही रोगी नोंदीतून निसटत असतील, ही शंका रास्त आहे आणि मी ती पूर्णपणे निकालात काढू इच्छीत नाही. परंतु सहा-सात पटींची दरी निव्वळ निसटण्याने पडत नाही. गावोगाव फिरणारी यंत्रणा जेथे आहे तेथे तर नाहीच.

ऐझॉलमध्ये जठराचा कर्करोग हा पुरुषांच्या प्रमुख कर्करोगांपैकी एक आहे. तेथेही तंबाखू आहे, पण तिचे रूप निराळे. मेइझिओल नावाची घरगुती वळलेली सिगारेट तेथे ओढतात; आणि तंबाखूचा धूर पाण्यातून काढून ते पाणीच, तुइबुर या नावाने, तोंडात धरण्याची किंवा पिण्याची चाल आहे. शिवाय आहारात धुरावर सुकविलेले मांस व मासे आणि सा-उम ही आंबविलेली डुकराची चरबी. मिझोरममधील अभ्यासांनी या सवयींचा जठराच्या कर्करोगाशी संबंध दाखविला आहे. उलट धाराशिवच्या ताटात शाळूची भाकरी, डाळ, कांदा, मिरचीचा ठेचा. मांस कधीमधी, आणि तेही ताजे. जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू, जो 1994 पासून जठराच्या कर्करोगाचे निश्चित कारण मानला जातो, तो भारतात सर्वत्र बोकाळलेला आहे. तरी भारताच्या बहुतेक भागात हा कर्करोग कमी. हे कोडे अभ्यासकांत प्रसिद्ध आहे, आणि त्याच्या उत्तरासाठी अनेकांनी रक्ताकडे, म्हणजे आजच्या भाषेत जनुकांकडे पाहिले.

धूम्रपान हे जठराच्या कर्करोगाचे कारण आहे हा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2002 च्या बैठकीत दिला. धूम्रपानाने हा धोका साधारण दीडपट वाढतो. फुप्फुसाच्या मानाने ही वाढ लहान, आणि म्हणूनच प्रश्न उपस्थित होतो की, एकाच मापाचा धूर ओढणाऱ्या दोघांपैकी एकालाच का? जुन्या सरहद्दीवरील नाक्याचा दाखला येथे बरोबर लागू पडतो. धुरातील बेंझोपायरीन, नायट्रोसअमाइन्स असली द्रव्ये शरीरात येतात तेव्हा ती बहुधा मोहोरबंद, निष्क्रिय असतात. सायटोक्रोम कुळातील विकर हे नाक्यावरील पहिले कारकून. ते मोहोर फोडून माल उघडतात, आणि द्रव्य उघडले की ते विषारी होऊन पेशीतील डीएनएला चिकटू पाहते. त्यानंतरचा कारकून ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज. तो उघडलेल्या मालाला ग्लुटाथायोनचा शिक्का मारून पाण्यात विरघळेल अशा रूपात राज्याबाहेर रवाना करतो. काहींचा पहिला कारकून फार चपळ असतो. काहींच्या गावी दुसऱ्याची नेमणूकच नसते: जीएसटीएम-1 हे जनुक युरोपीय वंशाच्या जवळजवळ निम्म्या लोकांत समूळ गहाळ असते, आणि जीएसटीटी-1 हे पूर्व आशियात पुष्कळांत नसते. युरोपातील, चीनमधील, आणि मिझोरममधीलही अभ्यासांनी अशा भेदांची धूम्रपानाशी सांगड घालून पाहिली. कोठे संबंध आढळला, कोठे नाही. जठराला सूज आणणाऱ्या इंटरल्यूकिनच्या जनुकातील भेद 2000 मध्ये पुढे आला, तोही काही समाजांत टिकला, काहींत नाही. यांतील प्रत्येक भेद एकेकटा धोका थोडासाच हलवितो. याला अपवाद आहे. 1998 मध्ये न्यूझीलंडमधील एका माओरी घराण्यात ई-कॅडहेरिनच्या जनुकातील दोष सापडला, आणि पिढ्यानपिढ्या त्या घरातील तरुण माणसे जठराच्या कर्करोगाने का मरत होती ते कळले. तेथे धूर असो वा नसो, जनुकच धनी होते. परंतु अशी घराणी दुर्मीळ. बाकी बहुतेकांच्या बाबतीत जनुक हे दुय्यम अंमलदार आहेत, आणि दुय्यम अंमलदारावर सगळा ठपका ठेवून मालकाला मोकळे सोडण्याची खोड आपल्या समाजाला जुनी आहे. पूर्वी ती कपाळावरच्या रेषेच्या नावाने चाले, आता ‘आमच्या रक्तातच आहे’ या शब्दांत चालते.

ऐझॉल आणि उस्मानाबाद यांमधील दरी रक्ताने पडली असे म्हणावयाचे तर एक अडचण येते. चेन्नईत जठराचा कर्करोग मुंबईपेक्षा अधिक आहे, काश्मिरातही अधिक आहे. आणि जपानी माणसे हवाईस जाऊन वसली तेव्हा दोन पिढ्यांत त्यांच्यातील जठराच्या कर्करोगाचे प्रमाण उतरले. दोन पिढ्यांत रक्त बदलत नाही, ताट बदलते.

धाराशिवच्या गावांनी संशोधनाला याहूनही मोठे देणे दिलेले आहे. 1999 मध्ये याच जिल्ह्यात, बार्शीच्या रुग्णालयाच्या आणि टाटा स्मारक केंद्राच्या विद्यमाने, गावांचे 52 समूह पाडून 1,31,746 स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीसंबंधी अभ्यास आरंभिला गेला. 2009 मध्ये त्याचे निष्कर्ष बाहेर आले तेव्हा, रोगकारक विषाणूची एकच चाचणी एकदाच केल्याने त्या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात हे साऱ्या जगाने या जिल्ह्याकडून शिकून घेतले. त्यात भाग घेणाऱ्या बहुतेक स्त्रियांची अशी तपासणी त्यापूर्वी कधीच झालेली नव्हती. मशेरीचे बोट आणि कपाळावर पदर घेऊन त्या आल्या, आणि जागतिक वैद्यकाचा नियम बदलून गेल्या.

राहता राहिला जठराचा प्रश्न. धूर आणि जनुक यांचा परस्परसंबंध पाहावयाचा तर शेकड्यांनी नव्हे, हजारांनी रुग्ण लागतात, कारण प्रत्येक भेदाचा परिणाम इतका सूक्ष्म असतो की लहान संख्येत तो दिसेनासा होतो. आणि 2011 च्या खानेसुमारीनुसार साडेसोळा लाखांच्या या जिल्ह्यात जठराचे रुग्ण तेवढे जमावयास कित्येक पिढ्या जाव्या लागतील. ती चौकशी ऐझॉलला, जपानला, कोरियाला होईल, आणि व्हावी. येथे ज्याची चौकशी व्हावयाची ते मुख आणि अन्ननलिका. जेथे चंचीतला बार तासन् तास पडून राहतो आणि मशेरीची पूड रोज घासली जाते. 2012 मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली, चुन्याची डबी मात्र कोणत्याच बंदीत आली नाही; आणि गालाच्या आतला पांढरा चट्टा पाहावयास जनुकाची तपासणी लागत नाही, एक विजेरी आणि तोंड उघडावयास तयार असलेला माणूस एवढे पुरते.